पेप्टाइडचं सीरम लावूनही केस गळतायत? या चुका टाळा

केस गळायला लागले की आधी तेल बदलतं, मग शॅम्पू. हल्ली त्यानंतर पेप्टाइडचं सीरम येतं. बाटली महाग असते, जाहिरातीतला माणूस चार महिन्यांत घनदाट केसांचा झालेला असतो आणि आपल्या कंगव्यात मात्र रोज तेवढाच गुंता निघतो. मग एक तर सीरम खोटं ठरतं, नाहीतर आपलं नशीब. बऱ्याचदा दोन्हींचा दोष नसतो. चूक वापरात असते, आणि त्याहून जास्त वेळा निदानात.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. केसांसाठीच्या बाटल्यांवर मुख्यतः तीन नावं दिसतात. पहिलं कॉपर पेप्टाइड, म्हणजे जीएचके-सीयू. यातला जीएचके हा तुकडा संशोधक लोरेन पिकार्ट यांनी 1973 साली मानवी रक्तद्रवातून शोधला. दुसरं बायोटिनॉइल ट्रायपेप्टाइड-1, जे प्रोकॅपिल या मिश्रणात असतं. तिसरं अ‍ॅसिटिल टेट्रापेप्टाइड-3, जे कॅपिक्सिलमध्ये असतं. केसाच्या मुळाभोवतीची त्वचा सुधारावी, केस मुळाशी घट्ट धरून राहावा, अशी यांच्याकडून अपेक्षा असते. पुरावा आहे, पण तो छोट्या अभ्यासांचा, आणि त्यातले बरेच हे घटक विकणाऱ्या कंपन्यांनीच केलेले. म्हणून मी पेप्टाइडला मदतनीस मानतो, औषध नाही. हा फरक ध्यानात असला तर पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

केस का गळतात हे न बघताच बाटली उघडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, बाळंतपण किंवा लग्नाआधी घाईने केलेलं कडक डाएट, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात. शरीराला धक्का बसला की एरवी वाढत राहणारे बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात, आणि ही अवस्था साधारण तीन महिन्यांची असते. म्हणून ताप विसरला जातो आणि गळणं तेवढं दिसतं. हे केस बहुधा सहाएक महिन्यांत आपोआप भरून येतात. सीरम लावलं असेल तर श्रेय त्याला जातं, एवढंच.

भांग हळूहळू रुंदावतोय किंवा कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकतायत, तर तो आनुवंशिक प्रकार. नाण्याएवढे गुळगुळीत गोल चट्टे पडले तर ती चाई. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. बाईच्या अंगावरून जास्त जात असेल, दम लागत असेल, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला हवं. वजन विनाकारण वाढतंय, थंडी सोसवत नाही, तर थायरॉइड. यातल्या कुठल्याही कारणावर डोक्याला बाहेरून लावलेलं पेप्टाइड पुरं पडणार नाही.

बुलढाणा जिल्ह्याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. 2024 च्या अखेरीस आणि 2025 च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत हातात येऊ लागले. आधी संशय पाण्यावर आणि शॅम्पूवर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या तपासण्यांवरून बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियम या खनिजावर. त्या माणसांनी जगातलं उत्तमातलं उत्तम सीरम लावलं असतं, तरी काय झालं असतं?

औषध सोडून सीरमवर विसंबणं

आनुवंशिक टकलात डीएचटी या संप्रेरकामुळे केसाचं मूळ दरवेळी थोडं आक्रसतं आणि पुढचा केस आधीपेक्षा बारीक, आखूड उगवतो. मूळ पुरतं सुकलं की तिथे काहीही लावा, केस येत नाही. म्हणून इथे वेळ फार मोलाचा असतो. टकलासाठी डोक्याला लावायच्या मिनॉक्सिडिल या औषधाला अमेरिकेत 1988 पासून मान्यता आहे, पुरुषांसाठी फिनास्टेराइडच्या गोळीला 1997 पासून. दोन्हींमागे मोठ्या चाचण्या आहेत. दुष्परिणामांची भीती वाटते, हे समजण्यासारखं आहे. पण ती भीती डॉक्टरांसमोर मांडायची असते. 'नैसर्गिक पेप्टाइड' म्हणून दोन वर्षं घालवली आणि तेवढ्यात डोक्याचा मधला भाग विरळ झाला, असं व्हायला नको. सीरम औषधाच्या जोडीला खुशाल लावा. मिनॉक्सिडिल आधी, कोरड्या त्वचेवर, आणि ते पूर्ण वाळल्यावर सीरम. त्याहून सोपं म्हणजे दोन्हींच्या वेळाच वेगळ्या ठेवा. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर मिनॉक्सिडिल नको, आणि बाकी काहीही लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

बाटलीवरच्या टक्क्यांना भुलणं

'3 टक्के प्रोकॅपिल' याचा अर्थ 3 टक्के पेप्टाइड असा होत नाही. प्रोकॅपिल हे तयार मिश्रण आहे. त्यात पाणी, ग्लायकॉल, वनस्पतींमधले घटक आणि अगदी थोडं पेप्टाइड असतं. 3 टक्के हा त्या अख्ख्या मिश्रणाचा आकडा. पाच मिश्रणांचे टक्के बेरीज करून पुठ्ठ्यावर 18 किंवा 20 छापलं, म्हणून सीरम जास्त ताकदीचं ठरत नाही. रेडेन्सिल आणि अ‍ॅनागेन ही नावंही पेप्टाइडच्या रांगेत बसवली जातात. रेडेन्सिलमध्ये प्रामुख्याने वनस्पतीजन्य घटक, ग्लायसिन आणि झिंक असतं, अ‍ॅनागेन हा वाटाण्याच्या कोंबांचा अर्क. वाईट आहेत असं नाही. पण पेप्टाइड हवं असेल तर मागच्या बाजूची बारीक अक्षरांतली यादी वाचा आणि त्यात 'पेप्टाइड' हा शब्द शोधा.

लावण्यातल्या चुका

आपल्याकडे तेलाची सवय मुरलेली. रात्री खोबरेल चोपडायचं आणि त्याच डोक्यावर सीरम टाकायचं, हे सर्रास चालतं. ही सीरमं बहुतेक पाण्यावर आधारलेली असतात. तेलकट त्वचेवर ती नीट पसरतही नाहीत. तेल लावायचंच असेल तर न्हाण्याच्या आधी लावा आणि सीरम धुतलेल्या, कोरड्या डोक्याला.

दुसरं, सीरम केसांना लावायचं नसतं. कंगव्याने रेघ पाडायची, ड्रॉपर टेकवायचा नाही, थेंब उघड्या त्वचेवर सोडायचा, बोटाच्या पेराने हलकं पसरवायचं आणि शेजारी पुढची रेघ पाडायची. साधारण 1 मिलिलिटर पुरतं. नेमकं प्रमाण लेबलवर असतं. दुप्पट ओतल्याने दुप्पट केस येत नाहीत, चिकटपणा आणि खाज मात्र वाढते.

कॉपर पेप्टाइडची बाटली असेल तर त्याच वेळी व्हिटॅमिन सी किंवा सॅलिसिलिक, ग्लायकॉलिकसारखी आम्लं डोक्याला लावू नका. आम्लतेने तांब्याची आणि पेप्टाइडची जोडी सुटते. निळसर द्रव हिरवट किंवा तपकिरी झाला, तर ती बाटली टाकून द्या. अकोला-नागपूरच्या उन्हाळ्यात खिडकीत किंवा गाडीत बाटली ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात.

सुया आणि पावडरी

डर्मारोलर, म्हणजे डोक्यावर फिरवायचा बारीक सुयांचा रूळ, याबद्दल काळजीने सांगावंसं वाटतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी 2013 साली 100 पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मिनॉक्सिडिलला आठवड्यातून एकदा 1.5 मिलिमीटर सुयांची जोड दिली, तेव्हा नुसत्या मिनॉक्सिडिलपेक्षा 12 आठवड्यांत बरेच जास्त केस आले. त्याचा हवाला देऊन आज लोक घरी रोलर फिरवतात आणि रक्ताळलेल्या त्वचेवर लगेच सीरम ओततात. त्या अभ्यासात सीरम नव्हतं, आणि सुया तज्ज्ञांच्या हातात होत्या. सौंदर्यप्रसाधन हे अखंड त्वचेवर लावायला बनवलेलं असतं; त्यातला सुगंध आणि संरक्षक रसायनं त्वचेच्या आत गेली तर गाठी, पुरळ, जंतुसंसर्ग होऊ शकतो.

'फक्त संशोधनासाठी' असं लिहिलेल्या कुप्यांमधली पेप्टाइड पावडर ऑनलाइन मागवून घरी पाण्यात कालवणं त्याहून घातक. आत नेमकं काय आहे, किती शुद्ध आहे, याची हमी कुणीच घेतलेली नसते. टोचून घेणं तर लांबच, डोक्याला लावूही नका.

गडबड झाली तर

खाज, लाली, पापुद्रे आले तर सीरम बंद करा. सुजलेल्या त्वचेवर केस उलट जास्त गळतात. पुन्हा सुरू करायचं असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहा. कोंडा आधीपासून असेल तर तो पहिल्यांदा आटोक्यात आणा.

'सुरुवातीला गळणारच, म्हणजे ते काम करतंय' असं सांगितलं जातं. पहिल्या काही आठवड्यांतलं ते गळणं मिनॉक्सिडिलच्या बाबतीत ओळखीचं आहे. फक्त पेप्टाइड लावताना गळणं वाढलं, तर दुसरं कारण शोधा. रोज 50 ते 100 केस पडणं तसंही सामान्य आहे.

तीन आठवड्यांत निकाल मागू नका. केस महिन्याला जेमतेम 1 सेंटीमीटर वाढतो. पहिल्याच दिवशी फोटो काढा आणि मग महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, कोरड्या केसांवर, तसाच भांग पाडून. सहा महिन्यांचे फोटो शेजारी ठेवूनही फरक दिसत नसेल, तर दुसरी बाटली घेऊ नका. ते पैसे त्वचारोगतज्ज्ञांच्या तपासणीवर खर्च करा आणि जाताना फोटो, लावलेल्या प्रत्येक बाटलीचं नाव आणि मागच्या वर्षभरातल्या आजारांची नोंद घेऊन जा. गोल चट्टे, दुखणारी किंवा पू धरणारी त्वचा, किंवा छिद्रंच दिसेनाशी झालेली चकचकीत जागा असेल, तर सहा महिने थांबू नका. याच आठवड्यात दाखवा.