कॅम्पर व्हॅन डुलायली, आदळायली? पाटे-शॉकअप बदलायच्या आधी काट्यावर न्या

ट्रॅव्हलर घ्यायची, तिच्यात बेड, गॅस, पाण्याची टाकी, बॅटऱ्या बसवायच्या आणि घरच्यांना घेऊन निघायचं, असं करणारे आता आपल्याकडं पण दिसायलेत. लई चांगली गोष्ट आहे. पण पहिली लांबची ट्रिप झाली की तक्रारी ठरलेल्या, बाजूनं ट्रक गेला की गाडी ढकलल्यासारखी सरकते, वळणावर झुलते, खड्ड्यात मागच्या सीटवरचा माणूस छताला लागतो. मग कुणी म्हणतं मागं एक पाटा (वजन धरणारी लोखंडी पट्टीची स्प्रिंग) वाढव, कुणी म्हणतं भारीतले शॉकअप टाक, आणि माणूस सरळ पैसे घेऊन गॅरेजला जातो. माझं म्हणणं एवढंच, आधी गाडी काट्यावर न्या.

काट्याला आपल्याकडं तोटा नाही, मोंढा, जिनिंग, साखर कारखाना, कुठंही वजन होतं. फक्त गाळप चालू असताना कारखान्यावर जाऊ नका, उसाच्या ट्रॉल्यांमागं अख्खा दिवस जाईल. गाडी ट्रिपला निघते तशीच भरलेली पाहिजे, टाकी फुल, डिझेल फुल, सिलेंडर, अंथरूण-पांघरूण, माणसं सुद्धा बसलेली. आधी नुसती पुढची चाकं काट्यावर घ्या, आकडा लिहा, मग पूर्ण गाडी, मग पुढची चाकं खाली उतरवून नुसती मागची. हे आकडे कंपनीनं दिलेल्या ऍक्सलच्या (पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीच्या आसाच्या) लिमिटशी लावून बघा. बऱ्याच गाड्यांत मागचा ऍक्सल लिमिटला टेकलेला आणि पुढचा हलका निघतो, आणि पुढं वजन कमी म्हणजे स्टेअरिंग हवेत असल्यासारखं लागणारच.

असं का होतं तर जागा मागं मोकळी असते म्हणून टाकी मागं, बॅटऱ्या मागं, वर स्टेपनी पण मागं. समजा व्हीलबेस, म्हणजे दोन्ही ऍक्सलमधलं अंतर, 3.5 मीटर आहे आणि 100 लिटरची टाकी मागच्या ऍक्सलच्या 1.4 मीटर मागं बसवली. पाणी 100 किलो, पण मागच्या ऍक्सलवर 140 किलो पडतात आणि पुढच्या चाकांवरून 40 किलो उचलले जातात. तीच टाकी दोन्ही ऍक्सलच्या मधात, खाली चासीजवळ (गाडीच्या लोखंडी सांगाड्याजवळ) घेतली तर एक रुपयाचा पार्ट न बदलता गाडी सरळ चालायला लागते. जड सामान खाली आणि मधात, हलकं वर. किचन, फ्रीज, टाकी सगळं एकाच बाजूला असेल तर गाडी त्या बाजूला बसलेली दिसेल, ते पण वाटून घ्या. आणि टाकी अर्धी ठेवून घाट चढू नका, आतलं पाणी हिंदकळलं की वळणावर तेच गाडी ओढतं. एकतर फुल किंवा रिकामी, नाहीतर टाकीत आडव्या पट्ट्या असलेली घ्या.

मग हवा. सकाळी टायर थंड असतानाच चेक करायची, आणि प्रत्येक ऍक्सलवर खरं वजन किती आलं त्या हिशोबानं टायर कंपनीच्या तक्त्यातून आकडा घ्यायचा. जास्त भरली तर गाडी आदळते, कमी भरली तर डुलते आणि वर टायर तापतो. मे महिन्यात आपल्याकडं पारा 42-43 ला असताना समृद्धीच्या काँक्रीटवर कमी हवेचा टायर पळवणं म्हणजे जिवाशी खेळ. दुपारी हवा वाढलेली दिसली म्हणून काढून टाकू नका, ती गरमीनं वाढलेलीच असते. कॅम्पर जास्त वेळ उभीच राहते, त्यामुळं नक्षी नवी दिसते पण रबर म्हातारं होतं. साईडवॉलवरचे शेवटचे 4 आकडे बघा, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा.

एवढं झाल्यावर खालचं बघायचं. पुढचं चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. खटखट लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा, आता खटखट गेली तर चाकाचं बेअरिंग ढिलं, राहिली तर किंगपिन, म्हणजे चाक ज्या पिनवर वळतं ती. डावी-उजवीकडं हलवून प्ले (ढिलेपणा) लागला तर टायरॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा. हे ढिले असताना अलाइनमेंट (चाकं सरळ लावून घेणं) करून उपयोग नाही, आणि अलाइनमेंट पण भरलेल्या गाडीचीच करा.

आपल्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसात फुगतात, उन्हाळ्यात बसतात, त्यामुळं नव्या रस्त्याला पण लाटा येतात. त्या लाटांवर गाडी एकदा दबून जागेवर यायला पाहिजे, दोन-तीनदा हलत राहिली तर शॉकअप गेले. वजन पाटे धरतात, उसळी शॉकअप थांबवतो, म्हणून मागं बसलेली गाडी शॉकअपनं उचलत नाही. आणि पाट्यांचे बुश (टोकाच्या सांध्यातले रबर) घासले असतील तर मागचा ऍक्सलच थोडा इकडं-तिकडं सरकतो, ते स्वस्तातलं काम आधी करा.

पाटा वाढवण्यापेक्षा मला एअर बॅग (पाट्याच्या जोडीला बसवायची हवेची पिशवी, अपघातात उघडणारी नव्हे) बरी वाटते, दोन्ही बाजूला वेगळा व्हॉल्व्ह घ्या म्हणजे वजनाप्रमाणं हवा कमी-जास्त करता येते. तिनं गाडी लेव्हलला येते, पण ऍक्सलची ताकद वाढत नाही, लिमिट तेच राहतं. झुलणं तरीही राहिलं तर मागं स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडी कलण्यापासून धरणारा दांडा), पण गाडीला असलेल्या बारचे लिंक आणि रबर आधी बघून. एका वेळी एकच काम करा, आणि मांजरसुंब्याच्या घाटात किंवा तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर चालवून बघूनच पुढचं.

पाट्याचं काम झालं की 200-300 किलोमीटरनंतर यू-बोल्ट (पाटे ऍक्सलला बांधणारे बोल्ट) टॉर्क रेंचनं, म्हणजे ठराविक ताकदीनं आवळणाऱ्या पान्यानं, परत आवळून घ्या, ते सैल पडतात. आणि चासीत किंवा वजनात मोठा बदल करणार असाल तर त्यासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आरटीओला विचारूनच कटर लावा.