दुनळी दुरुस्तीला देण्याआधी समोरच्याचा परवाना बघा

रानडुकरांपासून पीक राखायला आजोबांनी घेतलेली दुनळी (दोन नळ्यांची) बंदूक मराठवाड्यात अजून कित्येक घरांत आहे. चाप अडकला, घोडा सैल झाला की गावातला लेथवाला म्हणतो, ‘आणा, तासाभरात करून देतो.’ हात कितीही चांगला असो, त्याच्याकडे देऊ नका. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार बंदूक दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. समोरच्याला शस्त्र बाळगायचा अधिकार आहे का, हे न बघता त्याच्या हाती दिलं तर कलम 29 खाली तुम्हीही अडकता.

मग कारागीर शोधायचा कुठं? जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवान्याच्या टेबलावर सरळ विचारा. छत्रपती संभाजीनगर शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयात. दुकानाची पाटी बघून भुलू नका. विक्रीचा परवाना आहे म्हणजे दुरुस्तीचाही असेलच असं नाही, तो कागद मागून वाचा. खरा दुकानदार रागावत नाही, उलट तोच आधी तुमचं परवाना पुस्तक मागतो.

परवाना जिल्ह्यापुरताच असेल आणि दुकान दुसऱ्या जिल्ह्यात, तर आधी लेखी परवानगी घ्या. बंदूक रिकामी करून, पिशवीत घालून न्या. देताना पावती घ्याच. तिच्यावर बंदुकीचा नंबर, बोअर (नळीचं माप), काय बिघडलंय आणि तारीख हवी. नंबर पुस्तकाशी तिथंच, उजेडात ताडून बघा. जुन्या नळीवर तो झिजलेला असतो. परवान्याची मुदत संपली असेल तर दुरुस्तीचं नंतर बघू, आधी नूतनीकरणाचं विचारा.