न गाजलेल्या सालांची बोर्डो वाइन कशी निवडावी

बोर्डो म्हणजे फ्रान्सच्या बोर्डो भागातली वाइन आणि तिचं साल म्हणजे द्राक्षं खुडली ते वर्ष. २००९, २०१० किंवा २०१६ची बोर्डो महाग असते आणि तिची चव खुलायला वर्षानुवर्षं लागतात. २००७, २०१३, २०१७ ही सालं स्वस्त पडतात, लवकर पिण्याजोगी होतात.

आधी उत्पादक बघा, मग साल. चांगला उत्पादक वाईट साली कच्ची, कुजकी द्राक्षं काढून टाकतो. कमी वाइन करतो, पण नीट करतो. मग ते साल का गाजलं नाही, याचं कारण शोधा. २०१७मध्ये एप्रिलअखेरच्या दहिवरानं (गोठलेल्या दवानं) बागा जळाल्या, पण जिरोंद खाडीलगतच्या पोयाक, सँ-जुलियाँ या गावांच्या बऱ्याच बागा वाचल्या. तिथली बाटली बिनधास्त घ्या. २०१२मध्ये ऑक्टोबरच्या पावसाआधी खुडलेलं मेर्लो (लाल वाइनच्या द्राक्षाची एक जात) सरस ठरलं, म्हणून मेर्लोवर भर असलेल्या पोमरोल भागातली वाइन बघा. २०१३ची लाल वाइन बेतानंच घ्या. त्या साली पांढरी वाइन आणि सोतेर्न भागातली गोड वाइन मात्र छान झाली.

पिताना तापमान १५-१६ अंश हवं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर अल्कोहोलच नाकात शिरतो. डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून ती ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत) पंधरा-वीस मिनिटं पुरे. तासन्‌तास ठेवली तर नाजूक वास उडून जातो. सोबत भाजलेली कोंबडी किंवा मश्रूम. झणझणीत रश्शापुढे ही वाइन टिकत नाही. आणि साठवत बसू नका: साध्या बाटल्या दहा वर्षांच्या आत संपवा.