बेदाणा-खोबऱ्याचं पॅटीस: पाहुण्यांसाठी गरमागरम, गोड-तिखट

उपवासाचं हे पॅटीस कढईत फुटतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. बटाट्यात पाणी, ओल्या खोबऱ्यात पाणी, त्यात साखर-मीठ पडलं की सारण आणखी पाणी सोडतं. तेलात त्याची वाफ होते आणि ती पारीला, म्हणजे बटाट्याच्या बाहेरच्या आवरणाला, भेग पाडून बाहेर येते. म्हणून प्रत्येक पायरीला पाणी कमी करत जायचं.

साधारण १६ ते १८ पॅटीससाठी: १ किलो जुने बटाटे, ५ मोठे चमचे आरारूट, २ वाट्या ओलं खोबरं, ५० ग्रॅम बेदाणा, ४-५ हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं, पाव वाटी काजूचे तुकडे, मूठभर कोथिंबीर, २ चहाचे चमचे साखर, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ आणि तळायला तेल. कोथिंबीर काही घरांत उपवासाला चालते, काहींत नाही. पाहुण्यांना विचारूनच घालावी.

नवे बटाटे घेऊ नका, ते चिकट आणि पाणचट होतात. बटाटे सालासकट, भांड्यात पाणी न घालता कुकरला लावा आणि ४ शिट्ट्या करा. गरम असतानाच सोला म्हणजे वाफ निघून जाते. पूर्ण गार झाल्यावर किसणीवर किसा. मिक्सरला लावले तर खळीसारखा लगदा होतो आणि तो कितीही आरारूट घातलं तरी सुधारत नाही. कीस तासभर फ्रिजमध्ये उघडा ठेवा, मग मीठ आणि ४ चमचे आरारूट हलक्या हाताने मिसळा. उरलेलं आरारूट वरून लावायला.

बेदाणा हा या पॅटीसचा जीव. सांगली-तासगावकडे तो बाजारात प्रतवारी लावून मिळतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. सारणासाठी हिरवा, लांबट बेदाणा घ्या. त्याला किंचित आंबटपणा असतो, त्यामुळे गोडी अंगावर येत नाही. काळ्या बेदाण्याने खोबरं मळकट दिसतं. बेदाणा भिजवायचा मात्र नाही, नाहीतर सगळं पाणी परत आत. भरभर धुऊन फडक्यावर कोरडा करा आणि प्रत्येकाचे दोन तुकडे करा. अख्खा दाणा पारीतून डोकावला तर तेलात टम्म फुगतो, काळा पडतो आणि कडवट लागतो.

खोबऱ्याचा फक्त पांढरा भाग खवा. मंद आचेवर ३-४ मिनिटं परता. रंग बदलू द्यायचा नाही, ओल तेवढी जायला हवी. गार झालं की ठेचलेली मिरची-आलं, बेदाणा, काजू, कोथिंबीर घाला. साखर, मीठ आणि लिंबू अगदी भरायच्या वेळी.

तळहाताला तेलाचं बोट लावून मोठ्या लिंबाएवढा, म्हणजे सुमारे ५० ग्रॅमचा गोळा घ्या. अंगठ्याने वाटी करा. तळ जाड, कडा पातळ. एक मोठा चमचा सारण भरून कडा वर आणा, वर जमलेलं टोक खुडून टाका आणि जोडाची रेघ दिसेनाशी होईपर्यंत गोळा फिरवा. ती रेघ राहिली तर पॅटीस तिथंच उघडणार. थोडं चपटं करून आरारूटमध्ये घोळवा आणि जास्तीचं झटकून टाका. नाहीतर ते तेलात तळाशी बसून जळतं आणि पुढच्या घाण्याला काळे ठिपके येतात.

तेल १७५ ते १८० अंश हवं. बटाट्याचा कण टाकल्यावर लगेच वर आला पाहिजे. तेल थंड असेल तर पॅटीस तेल पितं आणि विरघळतं. फार तापलं असेल तर वरून लाल, आत गार. आधी एकच तळून बघा. फुटलं तर उरलेल्या बटाट्यात आणखी एक चमचा आरारूट घाला. एका वेळी चारच सोडा आणि पहिलं मिनिटभर झारा लावू नका.

पाहुणे संध्याकाळी यायचे असतील तर दुपारी पॅटीस वळून फ्रिजमध्ये ठेवता येतात, पण ३-४ तासांच्या वर नको, सारण पाझरायला लागतं. त्याहून सोयीचं म्हणजे आधी फिकट तळून जाळीवर पसरून ठेवणं आणि पाहुणे बसले की दोन मिनिटं पुन्हा तळणं. झाकणाच्या डब्यात ठेवू नका, वाफेने मऊ पडतात. सोबत दाण्याचं कूट आणि जिरेपूड घातलेलं घट्ट दही वेगळ्या वाटीत द्या. वर ओतलं तर कुरकुरीतपणा लगेच जातो.