कामावर जखमी झालात? भरपाई अडवणाऱ्या या चुका टाळा

अपघाताची लेखी नोटीस दिली की मालकाकडून निरोप येतो, ‘आमच्या डॉक्टरांकडे तपासून घ्या.’ इथेच बरेच कामगार बिथरतात. मालकाचा डॉक्टर मालकाच्याच बाजूचं लिहिणार, असं म्हणून जातच नाहीत. शंका रास्त आहे, पण न जाणं फार महागात पडतं. नोटीस मिळाल्यापासून तीन दिवस उलटण्याआधी मालकाने मोफत तपासणी देऊ केली, तर ती करून घेणं आपल्यावर बंधनकारक आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या कलम ११ मध्ये हे होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. सबळ कारणाशिवाय नकार दिलात, तर नकार चालू असेपर्यंत हक्क स्थगित राहतो आणि त्या दिवसांचे पैसे मागाहूनही मिळत नाहीत.

दुसरी चूक पाहून जीव तुटतो. हात प्लास्टरमध्ये, खोलीवर दोन घास करून घालणारं कोणी नाही, म्हणून माणूस मिळेल त्या गाडीने गाव गाठतो. पण ही तीन दिवसांची मुदत संपायच्या आत, तपासणी न करता, कामाचा परिसर आपणहून सोडला, तर परत येऊन तपासणीला हजर होईपर्यंत भरपाई अडते. मुकादम ‘जा रे, बघू नंतर’ म्हणाला, तरी त्या तोंडी शब्दावर विसंबू नका. आधी तपासणी उरका, गावचा पत्ता आणि फोन लेखी कळवा, मग निघा.

तपासणीला जायचं म्हणजे बोलावतील तेव्हा धावायचं, असंही नाही. १९२३ च्या कायद्याखाली केलेल्या १९२४ च्या नियमांनुसार संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बोलावता येत नाही. हलताच येत नसेल, तर डॉक्टरांनी तुम्ही आहात तिथे यायचं. तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला मिळणारी भरपाई चालू असताना पहिल्या महिन्यात जास्तीत जास्त दोनदा आणि पुढे महिन्यातून एकदाच तपासणी. बाईमाणसाची तपासणी पुरुष डॉक्टर करणार असेल, तर तिची संमती हवी, नाहीतर सोबत दुसरी बाई हवी. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी बायका संकोचून जातच नाहीत आणि तो नकार ठरवला जातो.

औषधोपचार मध्येच सोडू नका. त्यामुळे जखम चिघळली, तर वाढलेल्या दुखण्याची भरपाई नाकारली जाऊ शकते.

ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा योजनेचं) कार्ड असेल, तर दावा मालकावर नाही, ईएसआय महामंडळाकडे करायचा; तिथे अपंगत्व मेडिकल बोर्ड ठरवतं.

आणि केसपेपर, एक्स-रे, तपासणीच्या बोलावण्याचा कागद किंवा मेसेज, सगळं जपा. मालकाच्या डॉक्टरांचा अहवाल अंतिम नसतो. तो पटला नाही, तर स्वतःच्या डॉक्टरांचा दाखला घेऊन दाव्यात हजर करा.