हायस्कुलात मंडळ काढताय? आधी गाडीची वेळ बघा

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या मराठी हायस्कुलात नव्यानं रुजू झालेले शिक्षक हौसेनं यादी करतात: वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, इको क्लब, क्रीडा मंडळ. पदाधिकाऱ्यांची नावं फळ्यावर चढतात आणि गणपतीपर्यंत सगळं थंड. मुलांना रसच नाही, असं मग स्टाफरूममध्ये ठरतं. रस असतो हो, गाडी नसते. जांबोटी-कणकुंबीकडची, लोंढ्याच्या बाजूची पोरं बसपासवर येतात. "टीचर, ही गाडी गेली की मग सातलाच," म्हणणारी मुलगी बैठकीला थांबत नाही, आणि तिनं थांबूही नये. सातच्या गाडीनं उतरल्यावर फाट्यापासून घरापर्यंत अंधारात चालायचं असतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे वर्गात एक वही फिरवा. नाव, गाव, कुठली गाडी, ती चुकली तर पुढची कधी, वडाप (शेअर जीप) मिळतं का. ही वही भरली की मंडळ कधी भरवायचं ते आपोआप कळतं. आमच्या भागात दोनच वेळा चालतात. एक जेवणाची सुट्टी. अक्षर दासोहचं (सरकारी माध्यान्ह भोजन योजनेचं) जेवण उरकल्यावर वीसेक मिनिटं हातात राहतात, आणि तेवढ्यात कवितेची एक तालीम नक्की होते. दुसरी वेळ शनिवारची. सकाळची शाळा लवकर सुटते, दुपारच्या गाडीला अवकाश असतो. शाळा सुटल्यानंतरचा तास मात्र धरू नका. तो धरलात की मंडळ शाळेच्या गावातल्याच पोरांचं होतं आणि बाहेरगावची सगळी प्रेक्षक होऊन बसतात.

मग वर्षाचा अंदाज घ्या. जुलैत पाऊस असा लागतो की सुट्ट्या जाहीर होतात, आणि शाळा चालू असली तरी रोपलावणीला घरी हात लागतात, त्यामुळे हजेरी अर्धी. त्या महिन्यात मोठं काही योजू नका. जूनमध्ये मंडळ बांधा, जुलै-ऑगस्ट आत बसून करायची कामं घ्या, मैदान आणि भटकंती दसऱ्याच्या सुट्टीनंतर. जानेवारीनंतर दहावीची मुलं तुमची नाहीत, एस.एस.एल.सी.ची, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेची आहेत.

म्हणूनच दहावीच्या मुलाला प्रमुख करू नये. प्रमुख नववीतला, त्याच्या हाताखाली आठवीतली मुलगी किंवा मुलगा, म्हणजे पुढच्या वर्षी नवीन माणूस शोधावा लागत नाही. शालेय संसदेत सांस्कृतिक मंत्री झालेल्यालाच पुन्हा इथं बसवू नका. छोट्या शाळेत दोन-चार हुशार पोरांवर सगळी पदं लादायची सवय असते, बाकीची टाळ्या वाजवून मोठी होतात. पदांपेक्षा कामं वाटलेली बरी. बेळगावला १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं, तेव्हा हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवा दलाचे स्वयंसेवक राबले होते. सेवा दलाचा तास शाळेत असेल तर पोरांना हे जरूर सांगा, आणि सांगून झाल्यावर प्रत्येकाला एक नेमकं काम द्या. पिना कोणाकडे, चाव्या कोणाकडे, वही कोण लिहिणार. "सगळ्यांनी मिळून करा" म्हटलं की कोणीच करत नाही.

मंडळ एकच काढा. निदान पहिल्या वर्षी. कुठलं, असं मला विचाराल तर भित्तीपत्रकाचं, म्हणजे मुलांनी हातानं लिहून भिंतीवर लावायच्या मासिकाचं. याला मैदान लागत नाही, पैसा जवळपास लागत नाही, आणि लाजरं पोरगंही यात भाग घेऊ शकतं, कारण स्टेजवर उभं राहावं लागत नाही. चार फूट बाय तीन फुटांचं प्लायवूड घ्या, मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर नव्हे तर पाण्याच्या टाकीजवळ लावा, जिथं पोरं रेंगाळतात. लेख पानाच्या एकाच बाजूला, हाताच्या अक्षरात, नाव आणि गाव खाली. डिंकानं चिकटवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत दोन दिवसांत पानं सुटतात. ड्रॉइंग पिना वापरा आणि वरून प्लास्टिकचा कागद. महिन्याला एक अंक पुरे.

विषय देताना मात्र जपा. "पावसाळ्यातील एक दिवस" म्हटलंत की निबंधाच्या पुस्तकातला पाऊस येतो, आपला नाही. त्याऐवजी असं काही द्या, ज्याचं उत्तर पुस्तकात नाही: तुमच्या शेतात कुठलं भात लावलंय आणि ते का? इंद्रायणी, बासमती, इंटाण... पोरं घरी विचारून येतात, आजोबा-आजीशी वाद घालून येतात. खानापूर कुंभारकामाचं गाव, खादी आयोगाची प्रशिक्षण संस्थाही इथंच आहे, तेव्हा एखाद्या कुंभाराशी बोलून या. कणकुंबीच्या पोराला मलप्रभेच्या उगमाबद्दल लिहू द्या. नदी पुढं नवलतीर्थाच्या धरणात जाते हे भूगोलाच्या सरांकडून, पण उगमापाशी बायका काय बोलतात ते त्याच्याकडून. शुद्धलेखन तपासा, भाषा धुवू नका. "आमची आजी म्हणतंय" असं कोणी लिहिलं तर ते तसंच राहू दे, खाली प्रमाण वाक्य लिहायचा आग्रह नको.

अर्धं पान कानडीला ठेवा. यावर भुवया उंचावतील, पण माझं मत पक्कं आहे. आपली पोरं प्रतिभा कारंजीत, म्हणजे शिक्षण खात्याच्या कलागुणांच्या स्पर्धांत, केंद्र पातळीवर चमकतात आणि तालुका, जिल्ह्याला गेली की बुजतात, कारण भोवतीचं सगळं बोलणं, सूचना, निवेदन कानडीत. घरात आणि शाळेत मराठी पक्की आहे, ती अर्ध्या पानानं कमी होत नाही. कानडीच्या शिक्षकांना ते पान सोपवा, ते खूश होतात, आणि भावगीत, चर्चा स्पर्धा, प्रश्नमंजुषेच्या तयारीला तुम्हाला एक जाणकार मिळतो. स्पर्धेचं पत्रक ऐन वेळी येतं, म्हणून तयारी पत्रकाची वाट न बघता सुरू ठेवायची.

थंडीत एका रविवारी मुलांना ग्रामीण साहित्य संमेलनाला न्या. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी, एवढ्या गावांतून ही संमेलनं लोकवर्गणीवर भरतात, आणि शहरातल्या पोरांना हे भाग्य नसतं. ग्रंथदिंडीत चालवा, पण मग पुढच्या रांगेत बसवून ठेवू नका. एकेकाला एकेक सत्र वाटून द्या, त्यावर दहा ओळी लिहून आणायला सांगा. कथाकथनाचं सत्र सगळ्यांनाच हवं असतं, त्यावरून भांडणं होतात. चिठ्ठ्या टाका.

निसर्ग मंडळ काढायचं असेल तर भीमगडच्या जंगलात सहल न्यायचा विचार आधी बाजूला ठेवा. ते २०११ पासून अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी लागते, आणि आपल्या रानात अस्वलं आहेत. शाळेच्या आवारातली झाडं मोजा, नावं लावा. जंगलाकाठच्या गावातलं पोरगं वर्गात गप्प असतं, पण पानावरून झाड ओळखायला सांगा, शिक्षकांना मागं टाकतं.

पैशांचं थोडक्यात. मुलांकडून वर्गणी नको. दर महिन्याची रद्दी विका. माजी विद्यार्थ्यांच्या बॅचेस दरवर्षी स्नेहमेळावे भरवतात आणि शाल-श्रीफळावर खर्च करतात, त्यांना रक्कम न मागता वस्तू सांगा: एक कपाट, दोन कॅरम बोर्ड, चार्ट पेपरचं बंडल. सरकारी शाळा असेल तर एस.डी.एम.सी.च्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत विषय मांडा. जमाखर्च मुलांनीच त्याच वहीत लिहायचा, तुम्ही फक्त सही करायची.

मुलींच्या घरी एकदा तरी निरोप जाऊ दे, तोही आईकडे. शनिवारी उशीर का होणार, सोबत कोण, कुठल्या गाडीनं येणार. एवढं कळलं की बहुतेक आया हो म्हणतात.

मार्चमध्ये परीक्षेआधी वही, चावी, उरलेले कागद नववीकडून आठवीकडे द्या, यादीवर दोघांच्या सह्या घ्या. आणि बोर्ड भिंतीवरून काढून मे महिन्यात वॉर्निश मारा, कडांना दोनदा. साधं प्लायवूड इथल्या एका पावसात फुगतं.