‘दा’ म्हणजे नेमकं काय? छोट्या परक्या शब्दांशी गाठ पडली की या चुका टाळा

रशियन माणूस ‘दा’ म्हणाला तर त्याचा अर्थ ‘हो’. जर्मनमध्ये ‘दा’ म्हणजे तिथे, वेल्शमध्ये चांगलं, इटालियनमध्ये ‘पासून’, हौसामध्ये ‘आणि’, पंजाबीत ‘चा’. बंगालीत नावाला जोडून आला तर मोठा भाऊ आणि सुटा आला तर कोयता. आपल्या ‘एकदा’, ‘कितीदा’मध्येही तो आहेच.

असं होण्यामागे गूढ काही नाही. जगात सात हजारांच्या आसपास भाषा आहेत. तोंडाला सोपे पडणारे ध्वनी मात्र मोजके: द, त, न, म, ब, प आणि त्यांच्यापुढे आ किंवा ए. दोन ध्वनींच्या शब्दांना जागा थोडी आणि दावेदार हजारो, म्हणून ते एकमेकांवर आदळणारच. लांब शब्द अनोळखी वाटला की आपण थांबतो, शोधतो. छोटा शब्द ओळखीचा वाटतो आणि आपण न थांबता पुढे जातो. बहुतेक चुका तिथेच होतात.

उच्चार जुळला म्हणून नातं जोडू नका

ही चूक सर्वांत जास्त पसरलेली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो. फारसीतला ‘बद’ आपल्याला ‘बदनाम’, ‘बदसूर’मधून माहीत आहे. इंग्रजीत ‘बॅड’. उच्चार जवळचा, अर्थ तोच, दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या. तरीही या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. फारसी शब्द मागे नेत गेलं की पेहलवीत, म्हणजे फारसीच्या जुन्या रूपात, तो ‘वद’ असा सापडतो, म्हणजे आजचा ‘ब’ नंतरचा आहे. दोन्ही शब्द वेगवेगळ्या वाटांनी आले आणि योगायोगाने शेजारी उभे राहिले.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधल्या म्बाबाराम या आदिवासी भाषेत कुत्र्याला ‘डॉग’च म्हणत. हा शब्द इंग्रजांकडून घेतला असणार, असं कोणालाही वाटेल. पण नात्यातल्या यिडिन्य भाषेत कुत्रा म्हणजे ‘गुदगा’, आणि म्बाबाराममध्ये शब्दांची सुरुवात आणि शेवट झिजण्याचे ठरलेले नियम लावले की त्याच मूळ शब्दाचा ‘डॉग’ होतो. पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’ आणि जपानी ‘अरिगातो’ या दोन आभारांचं नातंही असंच लावलं जातं. पोर्तुगीज जपानला पोचले 1543 मध्ये, आणि जपानी शब्दाचं मूळ रूप त्याच्या कितीतरी आधीच्या लेखनात सापडतं.

आता आपल्या ‘दा’कडे येऊ. बास्क भाषेत ‘एचेआ आंदिया दा’ म्हणजे ‘घर मोठं आहे’. शब्दांचा क्रमसुद्धा थेट मराठीसारखा, आणि ‘दा’ म्हणजे ‘आहे’. जपानीतही वाक्याच्या शेवटी येणाऱ्या ‘दा’चा अर्थ ‘आहे’. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरची भाषा आणि जपान बेटांवरची भाषा यांचं कोणतंही नातं सिद्ध झालेलं नाही, आणि हा एक शब्द ते सिद्ध करायला पुरेसा नाही.

मग खरं नातं कसं ओळखायचं? एका जोडीवर विसंबू नका, रांग शोधा. 1822 मध्ये जर्मन भाषाअभ्यासक याकोब ग्रिम याने दाखवून दिलं की ध्वनी बदलतात ते नियमाने. संस्कृतात ‘द’ असलेल्या जागी इंग्रजीच्या घराण्यात ‘ट’ येतो: द्वि आणि ‘टू’, दश आणि ‘टेन’, दन्त आणि ‘टूथ’. म्हणून संस्कृत ‘द’समोर अस्सल इंग्रजी शब्दातही ‘ड’च दिसला, तर खूश होण्याऐवजी शंका घ्यावी. (लॅटिनमधून इंग्रजीत आलेले शब्द वेगळे, त्यांचा ‘ड’ लॅटिनचा.) उलट, खरी भावंडं अजिबात सारखी दिसत नाहीत असंही होतं. आर्मेनियन भाषेत दोनला ‘येर्कु’ म्हणतात, आणि तो आपल्या ‘दोन’चा रक्ताचा नातेवाईक आहे.

‘दा’च्या गर्दीतही एक खरं कुटुंब आहे. संस्कृत धातू ‘दा’ म्हणजे देणे. लॅटिनमध्ये ‘दा’ म्हणजे ‘दे’. स्पॅनिशमध्ये ‘दा’ म्हणजे ‘तो देतो’, पोलिशमध्ये ‘दा’ म्हणजे ‘तो देईल’. हे सगळे एकाच मुळाचे, आणि आपलं ‘देणं’ही त्यातलंच. आपण रोज वापरतो तो ‘डेटा’सुद्धा लॅटिनमधल्या ‘दिलेल्या गोष्टी’. पण या कुटुंबात रशियन ‘हो’वाला ‘दा’ घुसवू नका. रुमानियन भाषेने हा गुंता स्वतःच्या घरातच ठेवला आहे: तिथे ‘देणे’ हे क्रियापद लॅटिनकडून वारशाने आलेलं, तर ‘हो’ या अर्थाचा ‘दा’ स्लाव्ह शेजाऱ्यांकडून घेतलेला. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? ‘वरदा’, ‘सुखदा’, ‘यशोदा’ यांमधला ‘दा’ देणारी, आणि ‘सदा’, ‘सर्वदा’मधला ‘दा’ वेळ दाखवणारा. हे दोन ‘दा’ संस्कृतातच वेगळे होते.

नातं खरं असलं तरी अर्थ गृहीत धरू नका

आधीच्या चुकीची ही दुसरी बाजू. इंग्रजी ‘गिफ्ट’ म्हणजे भेट आणि जर्मन ‘गिफ्ट’ म्हणजे विष. हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे, ‘देण्या’चेच. जर्मनमध्ये ‘दिलेली मात्रा’ असा अर्थ सरकत सरकत विषापर्यंत गेला. स्वीडिशमध्ये तर ‘विवाहित’ हाही अर्थ आहे.

नात्यांचे शब्द त्याहून फसवे. मराठी आणि बंगाली ‘दादा’ थोरला भाऊ, हिंदी ‘दादा’ वडिलांचे वडील. ‘बाबा’ आपल्याकडे, तुर्कीत, स्वाहिलीत वडील, पण बऱ्याच स्लाव्ह भाषांमध्ये आजी किंवा म्हातारी बाई. जॉर्जियन भाषेत तर ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. बाळाच्या तोंडी आधी जे ध्वनी येतात ते मोठी माणसं स्वतःला लावून घेतात, आणि कोणता ध्वनी कोणाला लावायचा हे प्रत्येक भाषा आपलं आपण ठरवते.

रोमन अक्षरांवरून उच्चार ठरवू नका

इंटरनेटवर ‘वीस भाषांमधला एकच शब्द’ अशा याद्या फिरतात. त्यातल्या बऱ्याच जुळण्या फक्त रोमन लिपीत असतात, कानाला त्या जाणवतच नाहीत. चिनी भाषेच्या रोमन लेखनात, म्हणजे 1958 पासूनच्या पिनयिनमध्ये, ‘डी’ हे अक्षर ज्या ध्वनीसाठी वापरतात तो मराठी कानाला ‘त’च्या जवळचा वाटेल. वर सुरांचा फरक: तोच ‘दा’ एका सुरात ‘मोठा’, दुसऱ्यात ‘मारणे’, तिसऱ्यात ‘उत्तर देणे’. व्हिएतनामीत त्याच साध्या ‘डी’चा उच्चार हनोईकडे ‘जमीन’मधल्या ज सारखा आणि दक्षिणेत ‘य’सारखा. खऱ्या ‘ड’साठी त्यांचं आडवी रेघ दिलेलं वेगळं अक्षर आहे. म्हणून वरखाली खुणा नसलेला व्हिएतनामी मजकूर वाचताना त्वचा, दगड, लाथ मारणे, भूतकाळाची खूण आणि अदबीचा ‘हो’ हे सगळे डोळ्यांना एकसारखे दिसतात.

इटालियनमध्ये एवढासा तिरका आघात फार मोठं काम करतो. नुसता ‘दा’ म्हणजे पासून, आघात दिला की ‘तो देतो’, शेवटी लोपचिन्ह (अ‍ॅपॉस्ट्रॉफी) दिलं की ‘दे!’. मोबाइलवर टाइप करताना या खुणा गाळल्या तर शब्दच बदलतो.

यावरचा उपाय सोपा आहे. शब्द मूळ लिपीत किंवा सर्व खुणांसह मिळवा, आणि त्या भाषेच्या माणसाचा उच्चार एकदा तरी ऐका. भारतीय भाषांपुरती तर देवनागरीच मदतीला येते. तमिळमधला ‘डा’ मूर्धन्य (जीभ वर वळवून), बंगालीतला ‘दा’ दंत्य (जीभ दातांना लावून). रोमनमध्ये ते एक होतात, देवनागरीत होत नाहीत. हा फरक महत्त्वाचा आहे. बंगाली ‘दा’ मान देतो, तर तमिळ ‘डा’ आपल्या ‘अरे’सारखा, जवळच्या मित्राला किंवा लहान मुलाला शोभणारा. थोरामोठ्यांना तो लावला तर सरळ अपमान होतो.

शब्द वाक्यातून तोडून विचारू नका

भाषांतराच्या अॅपमध्ये दोन अक्षरं टाकायची, भाषा ओळखायचं काम यंत्रावर सोडायचं आणि आलेलं पहिलं उत्तर घ्यायचं, ही सवय मोडायलाच हवी. दोन अक्षरांवरून भाषा ओळखणं यंत्राला काय, माणसालाही शक्य नसतं. भाषा स्वतः निवडा आणि पूर्ण वाक्य द्या. उत्तर चमत्कारिक आलं तर सर्वांत आधी निवडलेली भाषा तपासा.

एकाच भाषेत राहिलं तरी या शब्दांना एक अर्थ नसतो. इटालियन ‘दा’ हा पासून, कडून, च्याकडे यांपैकी काहीही असतो. जर्मन ‘दा’ तिथे, तेव्हा किंवा वाक्याच्या सुरुवातीला ‘कारण’. लिओनार्दो दा विंची या नावातला ‘दा’ म्हणजे विंची गावचा. 1498 मध्ये कालिकतला आलेल्या वास्को द गामाच्या नावात पोर्तुगीजमध्ये हीच दोन अक्षरं आहेत, पण तिथे ती ‘चा’ आणि स्त्रीलिंगी उपपद यांचा जोड आहेत.

तुर्कीत हा खेळ मोकळ्या जागेचा. ‘अंकारादा’ जोडून उच्चारलं आणि लिहिताना मध्ये लोपचिन्ह घातलं तर ‘अंकारामध्ये’. ‘अंकारा दा’ सुटं लिहिलं तर ‘अंकारासुद्धा’. तुर्की लोकांना यातल्या चुका फार खटकतात, आणि आपण ते समजू शकतो: ‘मीही पाहिली’ आणि ‘मी ही पाहिली’ यांत तेवढ्याच जागेचा फरक आहे.

बृहदारण्यकोपनिषदाच्या पाचव्या अध्यायात याचं फार सुंदर उदाहरण आहे. देव, मनुष्य आणि असुर प्रजापतीकडे उपदेश मागायला जातात आणि तो प्रत्येकाला ‘द’ एवढंच अक्षर सांगतो. देव ऐकतात ‘दाम्यत’, स्वतःला आवरा. माणसं ऐकतात ‘दत्त’, द्या. असुर ऐकतात ‘दयध्वम्’, दया करा. प्रजापती तिघांनाही ‘ओम्, समजलं तुम्हाला’ असं म्हणतो. अक्षर एकच, पण कोणी ऐकलं यावर अर्थ ठरला. इथे ‘ओम्’ सुद्धा साध्या ‘हो’सारखा आला आहे, हे माझ्या मते या कथेतलं तितकंच मोलाचं निरीक्षण.

‘हो’ आणि ‘नाही’ एका शब्दात देऊ-घेऊ नका

व्यवहारात खरं नुकसान इथे होतं. ग्रीक माणूस ‘ने’ म्हणतो तेव्हा तो होकार असतो. कोरियन ‘ने’ही होकार. सर्बियन, झेक, बल्गेरियन ‘ने’ मात्र नकार. जपानी ‘ने’ आपल्या वाक्याअखेरच्या ‘ना?’सारखा, आणि पोर्तुगीज बोलीतला ‘ने’ही तसाच, तोही योगायोगच. तुर्की ‘ने’ म्हणजे ‘काय?’. पोलिश माणूस बोलताना ‘नो’ म्हणाला तर इंग्रजी कानाला नकार वाटतो, पण तो सहमती देत असतो. बल्गेरियात मानेवरही भरवसा ठेवता येत नाही, कारण तिथल्या परंपरेत मान वरखाली म्हणजे नाही आणि आडवी म्हणजे हो.

रशियन ‘दा न्येत’ शब्दशः ‘हो नाही’. अर्थ मात्र नकाराचा, जरा मऊ केलेला.

नकारार्थी प्रश्नात तर ओळखीचे शब्दही दगा देतात. ‘तुम्ही येणार नाही?’ याला जपानी ‘हाइ’ म्हणजे ‘बरोबर, येणार नाही’. मराठीतही ‘हो, नाही येणार’ सहज चालतं. इंग्रजीत त्याच जागी ‘येस’ म्हटलं तर समोरचा तुमची वाट पाहत बसेल. फ्रेंचमध्ये अशा प्रश्नाला उलटा होकार द्यायला ‘सी’ आणि जर्मनमध्ये ‘दोख’ असे खास शब्दच आहेत. सर्वांत सुरक्षित वाट आयरिश भाषेची: तिथे ‘हो’साठी सुटा शब्दच नाही, प्रश्नातलं क्रियापद परत म्हणतात. ‘येणार?’ ‘येणार.’ कोणत्याही परक्या भाषेत बोलताना हे करून पाहा. आणि दुसऱ्याचं उत्तर संदिग्ध वाटलं तर प्रश्न होकारार्थी करून पुन्हा विचारा.

संगणकालाही हीच अडचण येते

भाषांच्या दोन अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेतांमध्ये ‘डीए’ म्हणजे डॅनिश, ‘एनई’ म्हणजे नेपाळी. ही अक्षरं साध्या मजकुरासारखी हाताळली की घोळ होतो. प्रोग्रॅमर मंडळींना ‘नॉर्वेची अडचण’ ठाऊक आहे: यॅमल या फाइल-स्वरूपाच्या 1.1 आवृत्तीत नॉर्वेचा देशसंकेत ‘एनओ’ अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर तो ‘नाही’ समजून असत्य मूल्य म्हणून वाचला जातो. देशांच्या यादीतून नॉर्वेच गायब होतो. 2009 च्या 1.2 आवृत्तीत हा नियम बदलला, पण जुन्या पद्धतीने वाचणारी साधनं अजून वापरात आहेत. तेव्हा असे संकेत नेहमी अवतरणचिन्हांत लिहा, आणि यादीत एखादाच देश सतत दिसेनासा होत असेल तर आधी त्याची दोन अक्षरं तपासा.